जास्तीची ओंजळ

१

थंडी पडली की मी सवन्नाखेतहून निघते आणि वियेनतियानला माएकडे, माझ्या आईकडे येते. नदी आटत जाते, वाळू वर येते आणि माए त्या गाळात भाजीचे वाफे घालवून घेते. तेव्हा तिला खाली उतरायला, वाकायला माणूस लागतं, ते माणूस म्हणजे मी. उभा जन्म पोरांना गणित शिकवलं, यंदा निवृत्त झाले, पण माएच्या लेखी मी अजून शेपू खुडण्यापुरतीच हुशार.

आमचं घर लाकडी, खांबांवर उभं. दोन्ही अंगांना हॉटेलं झाली, तरी माएने जागा सोडली नाही. पायऱ्या उतरल्या की बांध आणि बांध उतरला की वाळू. घरातलं माझं काम ठरलेलं आहे. संध्याकाळी चिकट तांदूळ भिजत घालायचे आणि पहाटे उठून ते वाफवायचे. एक ओंजळ माएची, एक माझी, एक सकाळी भिक्षूंच्या पात्रात घालायची. हा हिशोब वर्षानुवर्षं चुकलेला नाही.

यंदा मी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो चुकला. भिक्षू गेले, आम्ही जेवायला बसलो आणि मी भाताची करंडी उघडली तर तळाशी जेमतेम दोन घास. म्हातारपणी भूक वाढली वाटतं, असं मी माएला चिडवलं. थंडीत लागतेच भूक, ती म्हणाली आणि चिमणीएवढा घास तिखटात बुडवून हळूहळू चघळत बसली.

नंतर करंड्या पुसून खिळ्यांना अडकवत होते. शेवटच्या खिळ्याला लाल दोरीची लहान करंडी असते, माझ्या भावाची. तो गेल्यापासून तिच्यात कुणी भात घातलेला नाही. माए तिच्यावरची धूळ झाडते, एवढंच. माझा हात सहज तिला लागला.

करंडी उबदार होती.

शेगडी समोरच्या भिंतीशी होती, ऊन अजून आत आलं नव्हतं. माएने पितरांसाठी घास ठेवला असेल, मी स्वतःला सांगितलं. तिला काही विचारलं मात्र नाही. तळव्यांना ती ऊब बराच वेळ जाणवत राहिली आणि खरं सांगायचं तर मला ती हवीशी वाटली.

२

सायसना माझा मोठा भाऊ. एकोणीस वर्षांचा असताना, असल्याच थंडीत, नदी उथळ झालेली पाहून एका संध्याकाळी तो पोहत पलीकडे, थायलंडला गेला. राज्य पालटलं होतं, तेव्हा कितीतरी घरांतून माणसं अशीच गेली आणि कुणी कुणाला विचारलं नाही. मी अकरा वर्षांची होते. मला मामीकडे मीठ आणायला पाठवलं होतं. परत आले तर तो नव्हता. वाळूवर त्याचा शाळेचा पांढरा सदरा पडला होता आणि माए तो घडी करत होती.

आधी निर्वासितांची छावणी, मग सिडनी. तिथे त्याने लग्न केलं, मुलं झाली, नातवंडं झाली. पुढे ये-जा खुली झाली, शेजारपाजारचे सगळे एकदा तरी येऊन गेले. आमचा दादा दरवर्षी म्हणायचा, पुढच्या थंडीत येतो. का येत नव्हता कुणास ठाऊक. मला वाटतं, भीत होता. यंदा मात्र त्याने तिकीट काढलं होतं, महिनाअखेरीचं.

रविवारी त्याचा फोन येतो. पहिला प्रश्न नेहमी एकच, ‘चौथी पायरी अजून करकरते का गं?’ उशिरा घरी येताना बापाला जाग येऊ नये म्हणून तो ती पायरी ओलांडून यायचा. मी म्हणायची, करकरते, तुझ्याच नावाने रडते. मग दोघं हसायचो. एवढ्या वर्षांत हा विनोद आम्हाला शिळा झाला नव्हता.

त्या रविवारी त्याने विचारलं नाही. हवापाण्याचं बोलून गप्प बसला. शेवटी मीच म्हणाले, दादा, पायरीची चौकशी राहिली.

‘कसली पायरी?’ तो म्हणाला. अगदी अदबीने, परक्या माणसाशी बोलावं तसं.

मग मनीचानवहिनीने फोन घेतला. गेला महिनाभर तो दिवसाही झोपूनच असतो, जेवायला उठवावं लागतं, असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. तिकडे भर उन्हाळा, पण त्याचे पाय बर्फासारखे गार. ‘सारखे ओलसर लागतात गं,’ ती म्हणाली. ‘मी पुसते, परत ओलसर.’

माए शेजारी बसून शेंगा सोलत होती. फोनकडे तिने हातही केला नाही. पूर्वी ती माझ्या हातातून तो हिसकावून घ्यायची.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या झाडायला गेले. नदीवर धुकं होतं, पलीकडचा थायलंडचा काठ दिसत नव्हता. पायऱ्यांवर वाळू होती, ओली, नदीतल्या गाळाची. मी झाडू घेऊन खाली उतरू लागले आणि मध्येच थांबले.

चौथी पायरी स्वच्छ होती. कोरडी. खालच्या तिन्हींवर वाळू, वरच्या सगळ्यांवर वाळू आणि ही एक मोकळी.

कुत्रं असेल, मी म्हटलं. पण कुत्र्याला कुठली पायरी करकरते ते कसं ठाऊक? मग हॉटेलचा माळी असेल. पण माळी आमच्या घरात कशाला शिरेल? गणितात असं करतात, एकेक शक्यता घ्यायची आणि खोडायची. उरेल ते उत्तर. मी उरलेल्यापर्यंत गेलेच नाही, भराभर झाडून टाकलं.

तेवढ्यात घरामागच्या न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. तांब्या रांजणात बुडतो, मग अंगावरून पाणी जमिनीवर आदळतं. एवढ्या गारठ्यात थंड पाण्याने कोण अंघोळ करतं? घरात एकच माणूस करायचा, तोही शीळ घालत. शीळ नव्हती. मी कान देऊन ऐकली, पण नव्हती. माए माझ्या डोळ्यांसमोर शेगडी फुंकत बसली होती.

मी न्हाणीचं दार लोटलं. आत कुणी नव्हतं. जमीन ओली होती आणि रांजणातल्या पाण्यावर तांब्या सावकाश गोल फिरत होता.

परत आले तेव्हा माएने वर पाहिलं. अंबाड्यात झेंडूचं फूल, नेसलेलं लुगडं ठेवणीतलं, गालांवर मी कित्येक वर्षांत न पाहिलेला रंग. वाफ्यांना पाणी घालायला जाऊ का, मी कसंबसं विचारलं.

‘घालून झालंय,’ ती म्हणाली.

तिच्या गुडघ्यांनी ती बांध उतरू शकत नाही. तिला ते ठाऊक होतं, मलाही.

४

दुपारी ती पडली असताना मी आतल्या खोलीत गेले. घराच्या मुख्य खांबाला सदरा बांधला होता, तोच, शाळेचा, आता पिवळट पडलेला. दोन्ही बाह्यांभोवती पांढरं सूत गुंडाळून त्याच्या गाठी खांबाला मारल्या होत्या.

माणसाच्या अंगात बत्तीस खवान, बत्तीस जीव. माणूस भ्याला, आजारी पडला, लांब गेला की त्यातला एखादा वाटेत रेंगाळतो. मग फुलांचं तबक मांडून त्याला हाका मारायच्या, आणि तो आला की मनगटाला सूत बांधून अंगात पक्का करायचा. माणूस परदेशी असेल तर त्याचा सदरा तबकात ठेवतात आणि सूत त्याच्याकडे पाठवतात. दादासाठी माए दरवर्षी हे करायची. सिडनीला जाणारा कुणी ना कुणी सूत घेऊन जायचा आणि वहिनी ते त्याच्या मनगटाला बांधायची. यंदाचं सूत गेलंच नव्हतं.

मी तडक फेंगकाकांकडे गेले. ते एके काळी भिक्षू होते, आता गल्लीतले खवान तेच बोलावतात आणि उरलेल्या वेळात कोंबडे झुंजवतात. मला पाहून म्हणाले, ‘या मास्तरीणबाई. तुमचा या गोष्टींवर विश्वास नाही ना? मग घाम का फुटलाय?’

मी सदऱ्याचं सांगितलं, तशी त्यांची थट्टा संपली. सूत पाठव असं त्यांनी माएला दोनदा बजावलं होतं, आणि तिने पाठवलं असं सांगितलं होतं.

‘हाक मारली की ते येतात गं,’ काका म्हणाले. ‘लेकरासारखे असतात, आईचा आवाज ओळखतात. पण परत धाडायचे असतात. धाडले नाहीत, तर तिकडे अंगात राहणार काय? एक आला की मागोमाग दुसरा येतो. सगळे आले की संपलं.’

हे थोतांड आहे, असं मला म्हणायचं होतं. मी म्हणाले, ‘मग आता काय करायचं?’

५

घरी येऊन मी कात्री घेतली. माए दारात उभी होती.

‘सूत कापायचं नसतं,’ ती म्हणाली. ‘सोडायचं असतं. एवढंही विसरलीस?’

‘मग सोड.’

ती खांबाला पाठ लावून खाली बसली. मी समोर बसले आणि वहिनीने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, झोप, पाय, डॉक्टर. महिनाअखेरीला तो येणार होता आणि आता विमानात बसण्याइतकाही तो उरलेला नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी बोलली तेव्हा तिचा आवाज शांत होता.

‘फोनवर बोलतो तो म्हातारा माणूस आहे, धाकटे. खोकतो, नातवांचं सांगतो. भला आहे बिचारा. पण त्याला मी कधी पाहिलेलं नाही. मी जन्म दिला तो हा. पोटभर जेवतो, माझे वाफे शिंपतो. तो म्हातारा वीस वर्षं येतो येतो म्हणतोय. हा आला.’

पोरांना मी सांगायची, दोन बरोबर पायऱ्यांनंतर चुकीचं उत्तर येत नसतं. इथे तिची प्रत्येक पायरी बरोबर होती.

मग मी सिडनीला फोन लावला आणि वहिनीला म्हटलं, त्याच्या कानाला लावा. आवाज मोठा करून फोन माएच्या मांडीवर ठेवला. तिकडून त्याचा श्वास ऐकू आला.

‘बाळा,’ माए म्हणाली. ‘मी आहे.’

‘नमस्कार,’ तिकडून उत्तर आलं. ‘आपण कोण बोलताय?’

‘मी, माए.’

तो थांबला. आठवायचा प्रयत्न करत असावा. मग अगदी हळू म्हणाला, ‘माफ करा हं बाई, ओळख पटत नाही. आवाज मात्र फार छान आहे तुमचा. थोडा वेळ बोलत राहाल का?’

माएने पदराचं टोक तोंडात धरलं. फोन मीच बंद केला. ती उठली, खांबाकडे वळली आणि तिने पहिल्या गाठीला हात घातला. बोटं वाकडी झालीत, गाठी घट्ट होत्या. मी पुढे झाले तर तिने मला कोपराने दूर केलं.

६

सूर्य कलताना आम्ही वाळूवर उतरलो. माएला मी पाठुंगळीला घेतलं होतं. फेंगकाका पुढे तबक घेऊन चालत होते. बांधावर रोजच्यासारखी बायकांची कवायत सुरू होती, कर्ण्यावर गाणं ठणाणत होतं, मिठात घोळलेले मासे भाजल्याचा वास येत होता. सगळं इतकं नेहमीचं होतं की मला आमचंच हसू येईल असं वाटलं.

पाण्याच्या कडेला माएने सदरा पसरला. लाल दोरीची करंडी शेजारी ठेवली, तिच्यात वाटेपुरता भात आणि उकडलेलं अंडं. काकांनी मंत्र म्हटले आणि मग मला बजावलं, ‘तो निघाला की कुणी मागून हाक मारायची नाही. हे काय सांगायला हवं?’ मी मान हलवली. निघणाऱ्याला मागून हाक मारू नये, हे आम्हाला चालायला शिकतानाच शिकवतात.

‘जा बाळा,’ माए म्हणाली. ‘जेवून जा. तिकडे तुझं अंग वाट बघतंय.’ एवढंच. तिने डोळे मिटले ते उघडले नाहीत. काकांनीही तबकावर मान खाली घातली.

मी मिटले नाहीत. मला पाहायचं होतं, तिथे काही नाही हे सिद्ध करायचं होतं. सूर्य नदीवर टेकला होता, पाणी डोळ्यांत खुपत होतं. मी पापणी लववली, आणि वाळूवर सदरा नव्हता.

तो पाण्याच्या कडेला होता. कुणाच्या तरी अंगात होता. पाठमोरा. मानेवर ओले केस, उजवा कान जरा बाहेर आलेला. त्या कानावरून मी त्याला किती चिडवायची. दादा कसा दिसायचा हे मी विसरले आहे, असं मला वाटत होतं. मी काहीही विसरले नव्हते. त्याने एक पाय पाण्यात घातला, गारठ्याने खांदे वर उचलले आणि दुसरा पाय घातला.

त्या संध्याकाळी मला मीठ आणायला पाठवलं होतं. तो गेला हे मी पाहिलंच नव्हतं. जाऊ नको म्हणायला मला कुणी जागाच ठेवली नव्हती. आता तो गुडघाभर पाण्यात होता आणि या वेळी मी तिथे होते.

‘दादा,’ मी म्हणाले.

मोठ्याने नाही. पण तो थांबला. मान किंचित वळली, गालाची कड दिसली, कोवळी, आणि ओठावर नुकतं फुटलेलं मिसरूड. तेवढ्यात बांधावरचं गाणं एकदम बंद झालं आणि मी दचकून तिकडे पाहिलं. परत वळले तर पाण्यावर फक्त वलयं होती. ती काठाकडे येत होती.

माएने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती आनंदली होती.

७

काकांनी तबक उचललं. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं, या वेळी मास्तरीणबाई म्हटलं नाही.

‘आता तो तुझ्या हाकेने थांबलाय, पोरी. माएने शंभरदा सांगितलं तरी ऐकणार नाही. तुझ्याच तोंडाने जा म्हणावं लागेल. आणि लवकर म्हण.’

माएला पाठीवर घेऊन घरी आले. पायऱ्यांवर ओली वाळू होती. चौथी कोरडी होती. मीही ती ओलांडली.

फोन वाजत होता. मनीचानवहिनी रडत होती, पण सुरुवातीला आनंदानेच. मघाशी तो उठून बसला, तिला नावाने हाक मारली, हाताने भात खायचा आहे म्हणाला. तिने पाय चाचपले तर गरम होते. आणि मग बोलता बोलता गप्प झाला, कुणी मागून बोलावल्यासारखी मान वळवली आणि परत आडवा झाला. आता डोळेही उघडत नाही.

‘तिकडे तुम्ही काहीतरी करत होता ना, केत?’ ती म्हणाली. ‘परत करा. अर्धं झालं होतं गं. करशील ना?’

‘करते, वहिनी,’ मी म्हणाले. ‘उद्या करते.’

फोन ठेवला तेव्हा आतल्या खोलीत फळी वाजली, बसलेलं माणूस पाय लांब करतं तशी. माएने तिकडे पाहिलंही नाही. मी तांदळाचं मडकं पुढे ओढलं. ते एकच वाक्य होतं, जा दादा. आत्ता म्हणाले असते तरी चाललं असतं. चार पावलांवर खोली होती.

मी भांड्यात तांदूळ घातले. एक ओंजळ माएची, एक माझी, एक भिक्षूंची. आतून अगदी बारीक शीळ ऐकू आली.

मग माझे हात पुन्हा मडक्यात गेले.